शनिवारी सकाळी दहापर्यंत

मी घर सोडलं त्या दिवशी दादांनी माझ्याकडून सही करून घेतली. दादा म्हणजे माझे वडील. लेक परदेशी निघाली की लोक हातावर दही ठेवतात, डोळे पुसतात. आमच्याकडे मात्र दादा माझी सुटकेस उघडून बसले होते. नाकावर चष्मा, मांडीवर लाल पुठ्ठ्याची वही. एकेक वस्तू उचलायची, मोठ्यानं नाव घ्यायचं, वहीत लिहायचं. "चादरी, दोन. उशीचे अभ्रे, दोन. टॉवेल, एक. चमचे, सहा. पितळी तांब्या, एक." मी म्हटलं, दादा, एसटी चुकेल. ते म्हणाले, "यादी झाल्याशिवाय खोली सोडायची नसते, बाय."

मग वही माझ्यापुढे सरकवली आणि खाली सहीच्या जागेवर बोट ठेवलं. मी हसत सही केली. "परत आलीस की टॅली करू," ते म्हणाले, आणि सुटकेस खांद्यावर घेऊन फाट्याकडे चालायला लागले. गाडी आली तेव्हाही एवढंच म्हणाले, "पोचलीस की फोन कर. चादरी उन्हात घालीत जा." नवरा आणि चार वर्षांची लेक मुंबईत वाट बघत होते. मी पनवेलपर्यंत रडत होते. आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि मागे कुणी नव्हतं. मी तसं बोलून दाखवलं होतं तर म्हणाले, "एकटा कुठं? वर बंगला आहे की." ही २०११ सालची गोष्ट.

बंगला म्हणजे आमच्या गावचं सरकारी विश्रामगृह. रायगडात, खाडीच्या वर, टेकाडावर. दादा तिथे एकतीस वर्षं खानसामा होते. नावाला खानसामा, पण स्वयंपाक, झाडलोट, अंथरूण, कंदील, बागेला पाणी, सगळं त्यांच्याच गळ्यात. साहेब लोक यायचे, शिधा द्यायचे, दादा रांधून वाढायचे. साहेब जायचे तेव्हा चादरी मोजायच्या, वस्तूंच्या वहीत खूण करायची, सही घ्यायची आणि किल्ली दारामागच्या खिळ्याला अडकवायची. माझा जन्म बंगल्यामागच्या क्वार्टरमधला. निवृत्तीनंतर दादांनी खाली उतारावर दोन खोल्यांचं स्वतःचं घर बांधलं आणि तिथेही दारामागे पहिला ठोकला तो किल्लीचा खिळा.

हे मी गावी राहिलेल्यांसाठी लिहितेय, ज्यांना वाटतं की आम्ही इकडे एसीत बसून मजा मारतो. आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही, ज्यांच्या फोनमध्ये गावच्या शेजारणीचा नंबर सगळ्यात वर असतो. माझ्या फोनमध्ये तो सुनंदावहिनीचा आहे. ती माझ्या चुलतभावाची, विलासची बायको. तिचं आणि दादांचं अंगण एकच.

मस्कतमध्ये आम्ही अल् खुवैरला राहतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी मुलगी प्रज्ञा. नवरा, मिलिंद, सोहारच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तो आठवडाअखेरीला येतो, धुण्याची बॅग टाकतो, झोपतो, खातो आणि पुन्हा जातो. प्रज्ञाची शाळा आणि माझी नोकरी इथे, म्हणून आम्ही इथे. पहिली काही वर्षं मी रस्त्यावर चालणारं माणूस शोधायचे. इथे कुणी चालतच नाही. वाण्याकडे कोथिंबीर आणायलाही गाडी काढायची.

मला नोकरी मिळाली ती एका सर्व्हे कंपनीच्या ऑफिसात, मंत्रालयांच्या मागच्या गल्लीत. मॅनेजर डंकन साहेब. स्कॉटलंडचे, पण बाविसाव्या वर्षी आखातात आले ते इथेच मुरलेले. चहात साखर तीन चमचे आणि वाक्याच्या शेवटी खलास. वर्षभरानं एक दिवस ते संकोचून म्हणाले की एक खासगी काम आहे, करशील का. त्यांच्या आत्यानं त्यांच्या नावावर एक कॉटेज ठेवलं होतं, स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, तळ्याच्या काठी. ते सुट्टीसाठी आठवड्याच्या भाड्यानं द्यायचं होतं. बुकिंगचे ईमेल मी बघायचे, पाहुण्यांचे फोन मी घ्यायचे. भिंतीला रंग लावायला, चादरी बदलायला तिथली एक बाई होती. बाकी सगळं मस्कतहून.

दादांना हे सांगितलं तेव्हा आमच्या फोनला पहिल्यांदा विषय मिळाला. त्याआधी 'जयभीम दादा, जेवलात का' आणि 'जयभीम बाय, तू जेवलीस का' एवढ्यावर कार्ड संपायचं. आता ते विचारायचे, "तुझ्या बंगल्यात कोण उतरलंय?" मी सांगायचे, चार माणसं आणि एक कुत्रा. "स्वयंपाक कोण करतं?" पाहुणेच करतात दादा, त्याला सेल्फ-केटरिंग म्हणतात. "म्हणजे स्वतः रांधायचं, स्वतः भांडी घासायची, आणि वर पैसे द्यायचे?" हो. "शहाणी माणसं दिसत नाहीत," दादा म्हणाले.

त्या घराची फाइल मी बनवली. तिकडे रिवाज आहे, की पाहुण्यासाठी टेबलावर एक फोल्डर ठेवतात. किल्ली कुठे, गरम पाण्याचं बटण कोणतं, शेगडीत काय जाळायचं, चिलटं चावली तर काय लावायचं, कचऱ्याची गाडी कधी. डंकन साहेब फोटो द्यायचे आणि मी लिहायचे. दोन वर्षांत मला त्या घरातला प्रत्येक खिळा पाठ झाला. न पाहिलेल्या घरात मी अंधारात चालले असते. दादांच्या घरी नवीन फ्यूज कुठे बसवलाय ते मात्र मला ठाऊक नव्हतं.

फोल्डरात एक पान हेरिटेजचं लागतं. ते नसेल तर पाहुण्यांना आपण स्कॉटलंडला आलो असं वाटत नाही म्हणे. पलंगावर चौकड्यांची लोकरी घोंगडी, भिंतीवर लांब केसांच्या गायीचं चित्र, टेबलावर बिस्किटांचा डबा आणि डब्यावर पुन्हा त्याच चौकड्या. मी पानावर लिहिलं की प्रत्येक कुळाची चौकडी वेगळी असते आणि चौकडी पाहून माणूस कुठल्या घराण्याचा ते कळतं. डंकन साहेब हसले. म्हणाले, यातलं अर्धं कापड गिरण्यांनी ठरवलेलं आहे, पण राहू दे, लोकांना आवडतं. दादा फोनवर ऐकून म्हणाले, "आडनाव विचारून माणूस ओळखायची हौस तिकडं पण आहे म्हणायची." त्यांना या विषयातलं जरा जास्त कळत होतं. बंगल्यात त्यांच्या हातचं जेवायच्या आधी आडनाव विचारणारे साहेब त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

त्याच पानावर खाली त्या घरातून निघालेल्या कुटुंबाची गोष्ट होती. जमीनदाराला मेंढ्या पाळायच्या होत्या म्हणून शेतकऱ्यांना घरांतून काढलं, नवराबायको आणि पाच मुलं जहाजात बसून समुद्रापार गेली, पुढे त्यांचं काय झालं कुणाला माहीत नाही. मी ते लिहिता लिहिता थांबले होते. डंकन साहेब म्हणाले, त्या भागात प्रत्येक घराला अशी एक गोष्ट आहे, पाहुण्यांना जेवणाआधी थोडं रडायला बरं वाटतं. मग खिडकीबाहेर बघत बसले. त्या घरात ते स्वतः आयुष्यात अकरा रात्री झोपले होते. तेही त्यांनीच सांगितलं.

आणि एक भूत हवं होतं. जुन्या घराला भूत असलेलं बरं, म्हणाले. मी विचारलं, कोणतं? "कोणतंही." मग मी लिहिलं, की या घरात एक म्हातारा सेवक अजून वावरतो. तो कुणाला घाबरवत नाही. संध्याकाळी अंथरुणाची कड त्रिकोणी दुमडून ठेवतो, उशाशी पाण्याचा तांब्या झाकून ठेवतो आणि सकाळी तुमच्या आधी उठलेला असतो. सहा महिन्यांत पाहुण्यांच्या वहीत लोक लिहायला लागले, की आम्हाला त्याची पावलं ऐकू आली. एका जोडप्यानं तर लिहिलं की घोंगडी आपोआप दुमडलेली सापडली. मी दादांना सगळं वाचून दाखवलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अगो, मी मेलो नाय अजून."

२०१४ मध्ये मी त्यांना महिनाभर इकडे आणलं. विमानतळावर नवा शर्ट, हातात पिशवी. कुरुमच्या बागेत नेलं, समुद्रावर नेलं. बाकी दिवसभर ते आमच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसायचे आणि खालच्या गाड्या मोजायचे. प्रज्ञा त्यांच्याशी मराठी बोलायचा प्रयत्न करायची, शब्द अडला की इंग्रजीत उडी मारायची, आणि ते मान डोलवायचे. माझ्या किचनमध्ये त्यांनी पितळी तांब्या पाहिला, चिंचेनं घासला आणि जागेवर ठेवला. जाताना मी म्हटलं, दादा, इथेच राहा ना. व्हिसाचं काय करायचं हे मलाही माहीत नव्हतं, पण म्हटलं. ते म्हणाले, "उतरायला ठीक आहे गो. राहायला नाय."

दोन वर्षांनी सुनंदावहिनीचा फोन आला. काकांनी गॅस चालू ठेवला होता. पुढच्या महिन्यात पुन्हा. मग गोळ्या दोनदा घेतल्या, मग घेतल्याच नाहीत. मग एकदा तिनं ताट नेलं तर म्हणाले, "साहेब जेवले का?" ती हसली. तिला वाटलं, थट्टा करतायत.

तेव्हा तेलाचे भाव पडलेले. ऑफिसातली माणसं एकेक करून कमी होत होती. सोहारला मिलिंदचं काम कधीही थांबेल अशी हवा. दर शनिवारी आम्ही दोघं बसून कुणाचं काय होईल याची चर्चा करायचो आणि शेवटी इन्शाल्ला म्हणून उठायचो. तरी मी आठ दिवसांची रजा काढून गेले. दादांना मुंबईच्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर भले होते, त्यांनी शांतपणे सांगितलं की हे असंच वाढत जाणार, घर बदलू नका, सवयी बदलू नका, जे रोजचं आहे ते त्यांच्या डोळ्यांसमोर लिहून ठेवा. मी दोन बायका विचारून पाहिल्या. दादांनी दोघींना दारातून परत पाठवलं. "आमच्याकडं चौकीदार आहे," म्हणाले.

लिहून ठेवा. ते मला येत होतं. जगात मला तेवढं एक काम फार चांगलं येत होतं. मस्कतला परतल्यावर एका शुक्रवारी मी कॉम्प्युटर उघडला, कॉटेजची फाइल घेतली आणि पान मागून पान मराठीत उतरवत गेले. गरम पाण्याच्या बटणाच्या जागी गॅसचं बटण. शेगडीच्या जागी चूल. औषधांचं पान नवीन केलं, गोळ्यांचे फोटो टाकले, सकाळची पांढरी, रात्रीची गुलाबी. कोणाला फोन करायचा: सुनंदा. अक्षर मोठं, प्रत्येक पानाला चौकट. सहा तास एका बैठकीत बसले होते. व्हॉट्सअॅपवर वहिनीला फाइल पाठवली. इथून व्हॉट्सअॅपवर बोलता येत नाही, चेहरा दिसत नाही, पण कागद जातो. तिनं तालुक्याला जाऊन रंगीत छापून आणलं, प्लास्टिकच्या पिशव्यांत घातलं, शिवून आणलं.

दादांना ती वही फार आवडली. सरकारी दिसत होती म्हणून असेल. रोज सकाळी चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे आणि त्याप्रमाणे वागायचे. गोळ्या वेळेवर. गॅस बंद. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुम्ही जादूच केलीत. शनिवारी तर काका घर असं चकाचक करतात, चादरी काढतात, भांडी घासतात, मग पायरीवर बसतात. मी जेवायला हाक मारते तेव्हाच उठतात." मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. डंकन साहेबांना सांगितलं की आपला फोल्डर माझ्या गावी चालतोय. मला स्वतःचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. आज ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

तीन महिन्यांनी, मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी वहिनीचा फोन आला. "वन्सं, काका सापडत नाहीत." दार नुसतं ओढलेलं, किल्ली आत दारामागच्या खिळ्याला लटकत होती, पायरीवर काकाही नाहीत आणि त्यांची पिशवीही नाही. विलास मोटरसायकल घेऊन फाट्याकडे गेला होता.

अशा वेळी माणूस काय करतो? मी उभी राहिले, बसले, पुन्हा उभी राहिले. मिलिंदला फोन लावला, त्या शनिवारी नेमकी त्याची ड्यूटी होती, तो सोहारहून काय करणार? गावातले जेवढे नंबर होते तेवढे फिरवले. प्रत्येकजण म्हणाला, बघतो. मी फ्रिज उघडून बंद केला. विमानाचं तिकीट बघितलं, दुसऱ्या दिवशी पहाटेचं होतं. माझ्या हातात फोन होता आणि त्यापलीकडे काही नव्हतं. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन होतं, आणि गावी किती असेल तेवढंच मी मनात धरून बसले होते.

तीन वाजता फोन वाजला. मी नंबर न बघता उचलला. पाहुणे होते, स्कॉटलंडहून. ठरल्यापेक्षा लवकर पोचले होते, पाऊस होता, आणि किल्लीची पेटी सापडत नव्हती. बाई रडकुंडीला आलेली, मागे लहान मूल रडत होतं. आणि मी बोलायला लागले. दाराकडे तोंड करून उभ्या राहा. डाव्या हाताला दगडी पायरी. पायरीच्या वर, वेलीमागे, काळी पेटी. आता चार आकडे. झाकण खाली ओढा. मिळाली? आत गेल्यावर उजव्या हाताला बटण आहे, दिवा लागेल. ती म्हणाली, देवदूत आहेस तू. मी म्हटलं, सुट्टी छान घालवा. फोन ठेवला आणि किचनच्या फरशीवर बसले. चार हजार मैलांवरच्या अनोळखी बाईला मी तिच्या दारात नेऊन सोडलं होतं. माझा बाप कुठे होता ते मला माहीत नव्हतं. प्रज्ञा येऊन शेजारी बसली, "आजोबा विल बी फाइन, मम्मा," म्हणाली, आणि मग तीच रडायला लागली.

चार वाजता विलासचा फोन आला. दादा सापडले होते, वर, बंगल्यावर. बंगला दुरुस्तीसाठी बंद होता, फाटकाला साखळी. मागच्या कुंपणातून आत शिरले असावेत. त्यांनी अख्खा व्हरांडा झाडून काढला होता आणि खांबाला टेकून बसले होते. ओठ सुकलेले, अंग तापलेलं. तालुक्याला नेऊन सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. विलासनं विचारलं, काका, इथं कशाला आलात? ते म्हणाले, "तिकडं शनिवारी नवीन माणसं येतात. मी जागा खाली केली."

मी वहिनीला म्हटलं, ती वही घे आणि शेवटचं पान मला वाचून दाखव. ती अडखळत वाचायला लागली. "आपण आमच्या घरी राहिलात याचा आम्हाला आनंद आहे. शनिवारी सकाळी दहापर्यंत घर रिकामं करावं. चादरी काढून ठेवाव्यात. भांडी घासून ठेवावीत. आपलं सामान विसरू नये. किल्ली खिळ्याला अडकवावी. पुन्हा अवश्य यावं."

ती हळूच म्हणाली, "वन्सं, तुम्हीच लिवलंय ना हे?"

मीच. शब्द न् शब्द. वर्षानुवर्षं ती फाइल मी उघडत होते, आणि शेवटचं पान कधी बदलायचं नसे. त्या शुक्रवारी हात आपोआप चालत होते. पेटीच्या जागी खिळा मात्र आठवणीनं घातला. माझ्या बापाला मी त्याच्या स्वतःच्या घरातून दर शनिवारी बाहेर काढलं होतं, नम्र भाषेत, मोठ्या अक्षरात. त्या कॉटेजमधल्या कुटुंबाला निदान जमीनदारानं काढलं होतं.

ते पान फाड, मी म्हटलं. तिनं फाडलं, चुलीत घातलं. पुढच्या शनिवारी सकाळी दादांनी चादरी काढल्या, भांडी घासली, किल्ली खिळ्याला अडकवली आणि पिशवी घेऊन पायरीवर येऊन बसले. पान त्यांना पाठ झालं होतं. नातवंडाचं नाव राहत नव्हतं, ते पान राहिलं.

मला दहा दिवसांची रजा मिळाली. मी उतारावरून खाली आले तेव्हा दादा अंगणातच होते. मला पाहून चटकन उठले, पुढे आले, हातातली बॅग घेतली. "या," म्हणाले. "प्रवासाचा त्रास नाही ना झाला?" जन्मात त्यांनी मला 'या' म्हटलं नव्हतं. त्यांनी लाल पुठ्ठ्याची वही काढली, चष्मा लावला. "किती दिवस मुक्काम?"

मला म्हणायचं होतं, आता जात नाही दादा. ते मला म्हणता आलं नाही, कारण परतीचं तिकीट पर्समध्ये होतं. "दहा दिवस," मी म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं.

दहा दिवस माझ्या बापानं माझी सेवा केली. सकाळी मी उठायच्या आत चहा. संध्याकाळी अंथरुणाची कड त्रिकोणी दुमडलेली, उशाशी पाणी झाकलेलं. मी भांड्यांना हात लावला की संकोचायचे, "राहू द्या, राहू द्या." तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. त्यांचे दोन्ही हात धरून म्हटलं, दादा, मी बाय. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, अगदी मायेनं पाहिलं. "हो का? आमच्या मुलीलाही आम्ही बायच म्हणतो." त्यानंतर मी पुन्हा तसं म्हटलं नाही. मला पुन्हा ते उत्तर ऐकायची ताकद नव्हती.

दहावा दिवस नेमका शनिवार आला. सकाळपासून आम्ही दोघंही आवराआवर करत होतो, ते त्यांची पिशवी भरत होते आणि मी माझी बॅग. निघताना म्हणाले, जरा थांबा, यादी राहिली. वही उघडली आणि सामानाच्या यादीचं जे शेवटचं पान भरलेलं होतं ते काढलं. ते २०११ चं, माझं पान होतं. "चादरी, दोन." माझ्या अंथरुणावरच्या दोन चादरी मोजल्या, खूण केली. अभ्रे दोन. टॉवेल एक. मांडणीवरचे चमचे मोजले, सहा. मग तांब्या शोधायला लागले. मांडणीवर, मोरीत, पाटाखाली. मी दारात उभी, बाहेर विलास गाडी चालू करून थांबलेला. दादा घामाघूम झाले. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"आठवलं. तो आमच्या मुलीकडं आहे. मस्कतला असते ती. ती आली की देईल. तुमच्यावर नाही टाकत." मग सहीच्या जागेवर बोट ठेवलं. तिथे माझी जुनी सही होती. तिच्या खाली मी नवी केली. दोन्ही सह्या अगदी सारख्या. त्यांनी वही मिटली आणि हात जोडले. "पुन्हा अवश्य या."

याला आता दोन वर्षं होतील. डंकन साहेब निवृत्त होऊन मागच्या वर्षी परत गेले, त्या कॉटेजमध्येच राहायला. पहिल्या आठवड्यात त्यांचा मेल आला, की गरम पाणी येत नाही, तुझा फोल्डर वाचतोय, बटण कुठे आहे? मी बटण कुठे ते कळवलं आणि खाली लिहिलं, साहेब, शेवटचं पान काढून टाका. ते त्यांना गमतीनं लिहिलंय असं वाटलं असणार.

दादा घरीच आहेत. रात्री विलास त्यांच्याकडे झोपतो. मी इथून काय करू शकते याचा हिशेब करायचं सोडून दिलंय, कारण उत्तर तेच येतं. एक काम मात्र मला मिळालंय. शनिवारी इथले साडेआठ वाजले म्हणजे गावी दहा. दादा पिशवी घेऊन पायरीवर बसलेले असतात. वहिनी स्वतःचा फोन त्यांच्या कानाला लावते. मी म्हणते, "नमस्कार, मस्कतच्या ऑफिसातून बोलतेय. तुमचं बुकिंग एक आठवडा वाढवलंय. घर खाली करू नका." ते म्हणतात, "बरं झालं. आभारी आहे." मग उठतात, खिळ्याची किल्ली काढतात आणि आत जाऊन पुन्हा चादरी घालतात. आठ दिवसांचं घर. त्याच्या पुढचं माझ्याच्यानं होत नाही.

तुमचं घर कुठलं, असं इथे कुणी विचारलं की मी गावाचं नाव सांगते. खरं तर माझं त्या घरात आता एवढंच आहे, लाल वहीत एका ओळीपुढे खूण व्हायची राहिलीय. तांब्या इथे आहे, माझ्या किचनमध्ये, ओट्याच्या कोपऱ्यात. गावी निघाले की मिलिंद दर वेळी म्हणतो, अगं, तो तांब्या ने आणि टाक एकदाचा त्यांच्या हातात, त्यांच्या जिवाला बरं वाटेल. मी नेत नाही. तो मिळाला तर दादा खूण करतील, यादी पुरी होईल, आणि मग ते मुलीची वाट बघायचे थांबतील.

मागच्या शनिवारीही बुकिंग वाढवून झाल्यावर ते फोन सोडेनात. वहिनी म्हणत होती, काका, द्या आता. ते म्हणाले, "एक मिनिट. बाई, तुम्ही मस्कतहून बोलता ना? आमची मुलगी तिकडंच असते. दिसली तर तिला सांगाल का, तांब्या राहिलाय म्हणून?"

"सांगते," मी म्हटलं.